पदवीच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवायचा: शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता आणि कर्ज यांचा नेमका क्रम

बारावीचा निकाल लागला की घरोघरी प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि पैशांचा प्रश्न मात्र ‘आधी प्रवेश तर मिळू दे, शिष्यवृत्तीचे नंतर बघू’ असे म्हणून पुढे ढकलला जातो. गेली काही वर्षे दर पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांचे महाडीबीटीवरचे, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, अर्ज भरून घेतो, आणि नामंजूर होऊन परत आलेले अर्ज पाहताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे चूक अर्जात नसते, ती अर्जाच्या दोन-तीन महिने आधीच होऊन गेलेली असते. प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला, उत्पन्नाचा दाखला कोणत्या तारखेचा आहे आणि आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेले आहे, या तीन गोष्टींवर मदत मिळणार की नाही हे बहुतांशी ठरते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. हे विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या आणि राज्यातच पदवी, विशेषतः व्यावसायिक अभ्यासक्रम, करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

टप्पा १: खर्चाचे कागदावर तुकडे करा

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर दिसणारी एकूण फी ही एक रक्कम नसते. तिच्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत आणि इतर किरकोळ शुल्के असतात, आणि शासनाच्या बहुतेक शुल्क सवलती त्यातील फक्त शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांना लागू होतात. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रवास हे सर्व त्याबाहेर राहते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची वार्षिक फी १,२५,००० रुपये आहे आणि त्यात १,१०,००० शिक्षण शुल्क व १५,००० विकास शुल्क आहे. निम्मी सवलत मिळणाऱ्या मुलाचे पालक ६२,५०० रुपये भरण्याच्या तयारीने येतात. प्रत्यक्षात सवलत ५५,००० रुपयांची असते आणि भरावे लागतात ७०,००० रुपये. मुलीला पूर्ण सवलत असली तरी विकास शुल्काचे १५,००० रुपये उरतातच. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच वाक्य ऐकून आलेल्या वडिलांना प्रवेशाच्या खिडकीपाशी हा आकडा कळतो, तेव्हा शुल्क भरण्याची मुदत संपायला एक-दोन दिवस राहिलेले असतात.

म्हणून एका कागदावर चार रकाने आखा: शुल्काचा प्रकार, वर्षाची रक्कम, सवलत लागू आहे का, आणि स्वतः भरायची रक्कम. शेवटच्या रकान्याची बेरीज अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांसाठी करा. हाच कागद पुढे बँकेतही उपयोगी पडतो.

टप्पा २: पसंतीक्रम भरण्यापूर्वी संस्थेचा प्रकार तपासा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असो किंवा ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मुलींना मिळणारी पूर्ण शुल्क सवलत असो, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला ‘कॅप राउंड’ म्हणतो त्यातून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही.

दुसरी अट संस्थेच्या प्रकाराची आहे. खासगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे या योजनांच्या कक्षेबाहेर आहेत. एकाच शहरात, कधी एकाच आवारात, एकाच शिक्षण समूहाचे संलग्न महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ शेजारी शेजारी असते. फाटकावरचे नाव जवळजवळ सारखेच असते, पण शुल्क सवलतीच्या दृष्टीने त्या दोन पूर्णपणे वेगळ्या संस्था असतात. समुपदेशनासाठी बसलेला प्रतिनिधी ‘आमच्याकडेही शिष्यवृत्ती आहे’ असे सांगतो, तेव्हा ती शासनाची आहे की संस्थेची स्वतःची, तिच्यासाठी दरवर्षी किती गुण टिकवावे लागतात आणि ती चारही वर्षे मिळते का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत.

*तपासणी:* ज्या संस्थेचे नाव पसंतीक्रमात टाकणार आहात, ती राज्य सीईटी कक्षाच्या (सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शासकीय यंत्रणेच्या) प्रवेश प्रक्रियेच्या यादीत आहे का, तिचा प्रकार काय लिहिला आहे आणि तिचा संकेतांक कोणता, हे पाहून त्याच खर्चाच्या कागदावर लिहा.

टप्पा ३: आपली मुख्य योजना एकच ठरवा

एकाच शुल्कासाठी दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे जास्त रक्कम देणारी योजना आधी ओळखावी आणि बाकीच्या सोडाव्यात. ढोबळ विभागणी अशी आहे.

खुल्या प्रवर्गातील आणि ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे. तिच्यात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ घेता येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग या प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, ही दोन्ही शुल्के पूर्ण माफ आहेत.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास दार बंद होत नाही, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रदान योजनेत, जिला सगळे ‘फ्रीशिप’ म्हणतात, अर्ज करायचा असतो. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेले म्हणून अर्जच न भरलेले कितीतरी विद्यार्थी मला भेटले आहेत, आणि ही हानी केवळ माहितीअभावी झालेली आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना त्याच पोर्टलवर असतात.

राहण्याच्या खर्चाची मदत मात्र वेगळी असते आणि ती शुल्क सवलतीसोबत घेता येते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते, पण त्यासाठी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज केलेला असणे महत्त्वाचे असते. वसतिगृहाचा अर्ज टाळून थेट भत्त्याकडे वळू नये.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० शतमक (पर्सेंटाइल) गटात असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना केंद्रीय क्षेत्र योजनेतून पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. पहिलीबाबत सावध राहावे, कारण दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही. १२,००० रुपयांसाठी ५५,००० रुपयांची सवलत धोक्यात घालणे हा सौदा तोट्याचा आहे.

टप्पा ४: दाखले, आणि त्यांच्या तारखा

येथे घाईही नडते आणि उशीरही नडतो. सर्वांत जास्त अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकतात. तहसीलदारांनी दिलेल्या या दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे हे छापलेले असते. हुशारी म्हणून फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेआधीच, दाखला काढून ठेवणाऱ्या घरांत जूनमध्ये नेमका मुदत संपलेला कागद हातात असतो. योग्य वेळ आहे १ एप्रिलनंतरची, जेव्हा नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला मिळू शकतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज दिला, तर निकालाच्या गर्दीआधी दाखला हाती येतो.

तलाठ्याचा उत्पन्न अहवाल हा त्या दाखल्याचा आधार आहे, स्वतः दाखला नाही. तसेच नोकरदारांचा फॉर्म १६ तहसीलला जोडायचा असतो, पोर्टलवर त्याने काम भागत नाही. आई आणि वडील दोघेही कमावते असतील, तर दोघांचे उत्पन्न धरावे लागते. कमी दाखवलेले उत्पन्न पुढे उघड झाल्यास रक्कम परत करावी लागते आणि विद्यार्थ्याचे नाव खराब होते, म्हणून या बाबतीत कोणाचाही ‘सल्ला’ ऐकू नये.

इतर कागद पुढीलप्रमाणे: अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, कॅपचे जागावाटप पत्र, शुल्काची पावती आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे शपथपत्र. जात वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो, कारण समितीला आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतात. तिचा अर्ज अकरावीतच करावा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रालाही ३१ मार्चची मुदत असते, हे विसरू नये. शैक्षणिक कामासाठीच्या दाखल्यांच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कोणी मुद्रांकाचे ५०० रुपये मागितल्यास तसे स्पष्ट सांगावे.

*इशारा:* सर्व कागद टेबलावर ओळीने मांडा आणि फक्त नावे वाचा. आधारवर ‘गणेश रामचंद्र’, गुणपत्रिकेवर ‘गणेश रामचंद’ आणि बँकेत नुसते ‘गणेश आर.’ असेल, तर एप्रिल-मेमध्येच दुरुस्ती करून घ्या. गुणपत्रिकेतील नाव प्रमाण मानून बाकीचे त्याला जुळवणे हा सोपा मार्ग आहे.

टप्पा ५: बँक खाते आणि आधार

आधार बँकेला ‘लिंक’ असणे आणि थेट लाभासाठी ते ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँकेच्या खिडकीवरसुद्धा हा फरक नेहमी सांगितला जात नाही. शासनाचे पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात. बँकांमधील देवघेवीची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव असेल, तिकडे ते जातात. एका वेळी एकच बँक तेथे असते, साधारणपणे ज्या बँकेला शेवटची संमती दिली तीच. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याने काही बदलत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आईला घेऊन आली होती. पोर्टलवर पहिला हप्ता जमा झाल्याचे दिसत होते, पण पासबुकात नोंद नव्हती. ते निळे पासबुक आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल पर्समध्ये असे जपून आणले होते, आणि ती एकेक पान उलटून मला पुन्हा पुन्हा दाखवत होती. आधारच्या संकेतस्थळावर पाहिले, तेव्हा तेथे वेगळ्याच बँकेचे नाव निघाले. काही महिन्यांपूर्वी नवे सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठ्याचा ठसा दोनदा घेतला होता आणि त्याच वेळी मोबाइलवर चालणारे एक खाते उघडले गेले होते. पैसे सुरक्षित होते, पण त्या खात्याचा पासवर्ड मिळवून ते काढण्यात तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात महाविद्यालयाने शुल्काची दुसरी नोटीस लावली.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्थिती’ स्वतः उघडून पाहावी. खाते चालू आहे का, विद्यार्थ्याच्याच नावावर आहे का आणि बँकेचे नाव अपेक्षित आहे का, या तिन्ही गोष्टींची खात्री करावी. नाव चुकीचे असल्यास हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासावी. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक घरात वापरात असलाच पाहिजे.

टप्पा ६: पोर्टलवरील अर्ज

नोंदणी स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने आणि स्वतःच्या ईमेलने करावी. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक टाकून केलेली नोंदणी पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी उघडतच नाही, कारण ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तोपर्यंत त्याने दुकान बदललेले असते. वापरकर्ता नाव व पासवर्ड घरातील वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर प्रोफाइल शांतपणे भरा, कारण पात्र योजनांची यादी त्यावरूनच तयार होते. यादीत आपली योजना दिसत नसेल, तर पोर्टलला दोष देण्याआधी चार ठिकाणे तपासा: जात प्रवर्ग, वार्षिक उत्पन्न, अभ्यासक्रमाचे नाव व वर्ष, आणि ‘प्रवेश कॅपमधून झाला का’ या प्रश्नाचे उत्तर. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक एकेक अंक पाहून टाका. वसतिगृहात राहत असाल तर ती माहिती येथेच द्यावी लागते, अन्यथा निर्वाह भत्त्याच्या योजना समोर येत नाहीत. मूळ कागदांच्या सरळ, पूर्ण चौकट दिसणाऱ्या प्रती जोडा. मोबाइलने तिरका काढलेला, कोपऱ्यात बोट आलेला फोटो हे अर्ज परत येण्याचे अगदी नित्याचे कारण आहे.

*तपासणी:* अर्ज सादर केल्यावर अर्ज क्रमांक आलेला आहे ना? तो आला नसेल, तर अर्ज फक्त जतन झालेला आहे, सादर झालेला नाही. पोचपावती छापून, कागदांच्या संचासह महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात द्या आणि दुय्यम प्रतीवर शिक्का घ्या.

टप्पा ७: छाननी आणि रक्कम

अर्ज आधी महाविद्यालयाकडे, मग संबंधित विभागाकडे जातो. दर आठ दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहावी, कारण त्रुटी काढून अर्ज परत आल्यास दुरुस्तीची मुदत मर्यादित असते आणि संदेश येईलच अशी खात्री धरू नये. मंजुरीनंतर रक्कम सहसा दोन हप्त्यांत येते. पोर्टल विद्यार्थ्याला हप्ता ‘रिडीम’ करण्यास सांगत असेल, तर ते करेपर्यंत पैसे हलत नाहीत.

काही योजनांत शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते. ती महाविद्यालयाची आहे, घराची नाही. ती त्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी. दिवाळीत आलेला हप्ता घरखर्चात गेला आणि परीक्षा अर्जाच्या वेळी थकबाकी उभी राहिली, ही गोष्ट मी फार वेळा पाहिली आहे, आणि त्यामुळे मुलांना वर्गात सहन करावा लागणारा संकोच पालकांच्या लक्षातही येत नाही.

टप्पा ८: उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज

कर्जाची चौकशी शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट न पाहता, जागावाटप पत्र मिळताच सुरू करावी, पण रक्कम टप्पा १ च्या शेवटच्या रकान्याइतकीच मागावी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि तारणही लागत नाही. केंद्र शासनाच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेला ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तिच्यात तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या आणि त्यानंतर हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत असते, मात्र तिचा लाभ मर्यादित संख्येतच दिला जातो आणि दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना ती मिळत नाही. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे.

हप्ते शिक्षण आणि त्यापुढील सवलतीचा काळ संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. चार वर्षे दरवर्षी १ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के सरळव्याजाने धरला, तर शिक्षणाची चार वर्षे आणि पुढील एक वर्ष संपताना व्याजच १,४०,००० रुपये झालेले असते. त्या ५,४०,००० रुपयांची दहा वर्षांत परतफेड करायची झाल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये पडतो. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहिल्यास हा बोजा बराच हलका होतो.

*इशारा:* बँकेने तोंडी नकार दिल्यास तो मान्य करू नये. अर्ज पोर्टलवरून करावा किंवा शाखेत लेखी देऊन पोच घ्यावी, आणि नकाराचे कारण लेखी मागावे. दुप्पट-तिप्पट व्याजाचे खासगी कर्ज घेण्यापूर्वी निदान दोन राष्ट्रीयीकृत बँकांची लेखी उत्तरे हातात असावीत.

टप्पा ९: दरवर्षीचे नूतनीकरण

पहिल्या वर्षी मंजूर झालेली शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यासाठी मागील वर्षाची गुणपत्रिका, वैध दाखले आणि उपस्थितीची अट पूर्ण झालेली असावी लागते. वर्ष वाया गेल्यास त्याच वर्गासाठी पुन्हा लाभ मिळत नाही. अभ्यासक्रम किंवा महाविद्यालय बदलणार असाल, तर बदल करण्याआधी शिष्यवृत्ती विभागात जाऊन त्याचा परिणाम विचारा. एप्रिल उजाडताच उत्पन्नाचा नवा दाखला काढा आणि बँक सीडिंगची स्थिती पुन्हा एकदा पाहा, कारण मधल्या काळात घरात कोणीतरी नवे सिम कार्ड घेतलेले असू शकते.